जकार्ताचा विजय आणि मढचे मैदान

मुंबईच्या उपनगरात, मालाडच्या पश्चिमेला, समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये मढ नावाचे कोळ्यांचे जुने गाव आहे. काही वर्षांपूर्वी ह्या मढला एक मोठे फुटबॉलचे मैदान उभे राहिले. ते खेळायचे नव्हते, चित्रपटासाठी उभारलेले होते. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळाने हा देखावा पार मोडून टाकला. तरीही काम पुरे झाले, आणि एप्रिल २०२४ मध्ये 'मैदान' हा हिंदी चित्रपट लोकांपुढे आला. विषय होता १९६२ साली जकार्ताला झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेतला फुटबॉलचा अंतिम सामना.

चित्रपट पाहून बाहेर पडणारा माणूस हटकून एकच प्रश्न विचारतो, "हे खरंच असं घडलं होतं का हो?" प्रश्न रास्त आहे. मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ला. म्हणजे तो सामना ज्या दिवशी झाला, त्या दिवशी अंधेरी-बोरिवलीच्या कुठल्याही घरात तो कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. आता नातवंडांनी तो पडद्यावर पाहिला, तेव्हा खरे किती आणि रचलेले किती, हे त्यांना कोण सांगणार?

तर ऐका. पडद्यावर नाट्यासाठी काही माणसे आणि काही प्रसंग रचावे लागतात, ते सोडून द्या. पण सामन्याचा गाभा खरा आहे. इस्रायल आणि तैवान यांना इंडोनेशियाने स्पर्धेत येऊ दिले नव्हते. भारताचे क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. त्याचा राग एवढा की ३ सप्टेंबरला जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९६२ला, आपले अकरा गडी सुमारे लाखभर प्रेक्षकांच्या हुर्योत मैदानावर उतरले. पाकिस्तानचा हॉकीसंघ मात्र आपल्या बाजूने ओरडत होता, अशी आठवण त्या संघातले खेळाडू पुढे सांगत असत.

समोर दक्षिण कोरिया. पहिल्याच सामन्यात त्यांनी आपल्याला ०–२ असे हरवलेले होते. जर्नेलसिंग हा खरा बचावाचा खेळाडू. थायलंडविरुद्ध त्याचे डोके फुटले, टाके पडले. तरी त्याला बसवून न ठेवता आघाडीला खेळवले, आणि त्याच्या जागी अरुण घोष उभा राहिला. अंतिम सामन्यात १७व्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी पहिला गोल केला आणि २०व्या मिनिटाला त्याच जर्नेलसिंगने दुसरा. तापातून उठलेला पीटर थंगराज गोलात उभा होता. कोरियाने ८५व्या मिनिटाला एक गोल फेडला. शेवटी २–१, आणि सुवर्णपदक आपले.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, काय ही हिंमत! हिंमत होतीच. पण जखमी बचावपटूला आघाडीला नेण्याची युक्ती हिंमतीतून सुचत नाही. ती सुचली सय्यद अब्दुल रहीम ह्या हैदराबादच्या शाळामास्तरांना. शिक्षकबंधूंनी हे मुद्दाम लक्षात घ्यावे. रहीमसाहेब पेशाने शिक्षक होते. चेंडू पायातच घोळवत बसायचे नाही, किंवा फक्त डाव्या, कच्च्या पायानेच खेळायचे, अशा अटी घालून ते मुलांचे सामने भरवीत. मुंबईकरांना त्यांची शिकवण नवी नव्हती. त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे रोव्हर्स करंडक जिंकला, तो मुंबईतल्या कूपरेजवर. १९५६ साली मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझाही मुंबईचाच, आणि शिकवण रहीमसाहेबांची. तेव्हा जकार्ताचा विजय नव्वद मिनिटांत मिळालेला नाही, त्यामागे बारा वर्षांची शाळा आहे. मास्तर तेव्हा आजारी होते. ११ जून १९६३ला कर्करोगाने ते गेले, वय अवघे ५३.

आता एक गोष्ट मनाला लागणारी. त्या संघात मधल्या फळीत फोर्तुनातो फ्रँको होता. मूळचा गोव्याच्या कोलवाळचा, पण खेळाडू म्हणून घडला मुंबईत, टाटांच्या संघात. चित्रपटात त्याचेही पात्र आहे. पण १० मे २०२१ला फ्रँको वारला आणि पुढच्याच आठवड्यात वादळाने मढचे ते मैदान पाडले. प्रदीपकुमार आणि कर्णधार चुनी गोस्वामी २०२०मध्येच गेले होते, बलराम २०२३मध्ये गेले. टाळ्या वाजल्या, पण ज्यांच्यासाठी वाजल्या त्यांतल्या बहुतेकांच्या कानी त्या पडल्या नाहीत.

चित्रपटाला ह्याचा दोष देता येणार नाही. त्याने निदान नावे तरी पुन्हा लोकांच्या तोंडी आणली. पण त्यापूर्वीची साठ वर्षे सगळ्यांना मोकळी होती. शाळेच्या फळ्यावर ही अकरा नावे लिहायला कॅमेरा लागत नाही, खडू पुरतो. आपल्या तालुक्यातही कबड्डीचा, कुस्तीचा, फुटबॉलचा एखादा म्हातारा गडी असेलच. त्याला ह्या वर्षी शाळेत बोलवा, मुलांना प्रश्न विचारू द्या आणि तो सांगेल ते वहीत उतरवून ठेवा.