डीनचा आवाज कुणाचा?

डबिंगच्या संहितेत किंकाळीला अक्षरं नसतात. कंसात ‘रिॲक्शन’ एवढंच लिहायचं आणि पुढे सेकंद टाकायचे. अंधेरीतल्या स्टुडिओंमध्ये पंचवीस वर्षं मी परक्या मालिकांचे संवाद लिहिते आहे. त्यातली बरीचशी झटापट या कंसांशीच झाली. एकदा भुताच्या एका कार्टून मालिकेचं काम होतं. मिक्सिंगला बसलेल्या उत्साही मुलाने ‘ट्रॅक साफ करतो’ म्हणत सगळे श्वास छाटून टाकले. भूत दारात उभं, मुलगी भिंतीला टेकून थिजलेली, आणि तिचा श्वासच नाही. भुतापेक्षा तीच जास्त मेलेली वाटत होती. भाग तसाच गेला. तारीख चुकवता येत नव्हती.

त्या रात्री घरी येऊन मी ‘सुपरनॅचरल : दि ॲनिमेशन’ लावलं, जपानी ट्रॅकवर, आणि डोळे मिटून नुसतं ऐकलं. जपानी मला कामापुरतीसुद्धा येत नाही, पण श्वास सगळीकडे सारखेच असतात.

मूळ ‘सुपरनॅचरल’ अमेरिकेत १३ सप्टेंबर २००५ला सुरू झाली आणि १५ पर्वं, ३२७ भाग करून नोव्हेंबर २०२०मध्ये थांबली. निर्माता एरिक क्रिपकी. सॅम आणि डीन विंचेस्टर हे दोघे भाऊ १९६७ची काळी शेव्हरोले इम्पाला घेऊन गावोगाव भुतं मारत फिरतात. डिकीत मीठ, बंदुका आणि खोटी ओळखपत्रं. गोष्ट अमेरिकेच्या हमरस्त्यांवरची, चित्रीकरण मात्र कॅनडात, व्हँकुव्हरच्या आसपास. याच मालिकेची पहिली दोन पर्वं घेऊन टोकियोच्या मॅडहाउस स्टुडिओने २०११मध्ये २२ भागांची ॲनिमेशन मालिका केली. दिग्दर्शन मिया शिगेयुकी आणि इशिझुका आत्सुको यांचं. मूळच्या दोन पर्वांचे ४४ भाग, प्रत्येक साधारण चाळीस मिनिटांचा. जपानी भाग त्याच्या निम्म्या लांबीचे आणि संख्येनेही निम्मे. म्हणजे मूळ वेळाचा चौथा हिस्सा हातात, आणि त्यातही काही गोष्टी नव्या घातलेल्या, भावांच्या लहानपणाच्या.

उलटा प्रवास आपल्याला सवयीचा आहे: आधी चित्रकथा, मग कार्टून, मग माणसं घेऊन केलेला सिनेमा. जिवंत नटांची भयमालिका उचलून ती चित्रांत नेण्याची उदाहरणं फार सापडत नाहीत. जवळचं म्हणाल तर मिझुकी शिगेरूंची ‘आकुमा-कुन’. तोएई कंपनीने १९६६मध्ये ती माणसं घेऊन केली, कृष्णधवल, २६ भागांची. त्याच घराण्याने १९८९मध्ये तिचं ॲनिमेशन केलं, चॅनेलही तेच, फक्त नाव बदललेलं. पण तिथे दोन्हींच्या मागे मिझुकींची चित्रकथा होती, राक्षस आधीच कागदावर उतरलेला होता. ‘सुपरनॅचरल’च्या मागे कागद नव्हता. दोन नटांचे चेहरे होते आणि अंधार होता.

अंधाराचंच बघा. कॅमेऱ्याला अंधार फुकट मिळतो. दिवा विझवला की सेटची भिंत, रबराचा मुखवटा, कमी पडलेला पैसा, सगळं त्यात बुडतं. हातात एक बॅटरी द्या, तिच्या झोतात धूळ उडू द्या, उरलेलं काम प्रेक्षक स्वतःच करतो. चित्रात मात्र अंधारसुद्धा रंगवावा लागतो. कुठे किती काळं, हे कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि ते ठरवलेलं आहे हे कळत राहतं. म्हणून असेल, जपानी मालिकेने लपवण्याचा नाद सोडला आणि रक्त, दात, फाटलेली कातडी भरपूर दाखवली. माझ्या मते इथे ती हरली. राक्षस सुरेख काढलेत, पण त्यांची भीती वाटत नाही.

चेहऱ्यांचंही तसंच. १९६३च्या १ जानेवारीला तेझुका ओसामूंच्या मुशी प्रॉडक्शनने ‘तेत्सुवान आतोमु’ टीव्हीवर आणली आणि आठवड्याला एक भाग द्यायचा तर चित्रं वाचवायला हवीत, हा हिशेब जपानी ॲनिमेशनच्या अंगवळणी पडला. सेकंदाला २४ चौकटी असतात. एकच चित्र तीन चौकटींना चालवायचं, म्हणजे सेकंदाला आठच काढायची, आणि जमेल तिथे त्याहूनही कमी. बोलणाऱ्या तोंडाची साधारण तीन चित्रं: मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. याला तिकडे ‘कुचिपाकु’ म्हणतात. आमच्यासाठी ही चैनच! माणसाच्या ओठांवर प, ब, म नेमके बसवताना एकेका लूपवर अर्धा अर्धा तास जातो. इथे तोंड उघडलं की बोला, मिटलं की थांबा. पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. जेन्सन ॲकल्स डीन साकारताना जबडा आवळतो, पापणी थोडी जास्त वेळ मिटतो, आणि हा फुशारक्या मारणारा गडी आतून टरकलाय हे आपल्याला दिसतं. चित्रातला डीन तसाच बघत राहतो. त्याला घाबरवायचं काम आवाजाचं.

आणि आवाजाच्या बाबतीत जपान्यांकडे जुनी पुंजी होती. १९५०च्या दशकात तिथे टीव्ही आला तेव्हा सिनेमा कंपन्यांनी त्याच्याशी उभा दावा मांडला. आपले चित्रपट द्यायचे नाहीत, करारातले नट जाऊ द्यायचे नाहीत. रिकामा वेळ अमेरिकन मालिकांनी भरून निघाला, आणि त्यांना जपानी बोलायला लावायचं म्हणजे माणसं हवीत. ती आली नाटकातून. मोठ्या ताऱ्यांना बंदी, म्हणून फाटक्या खिशाची रंगभूमीची मंडळी. सुरुवातीला तर ध्वनिमुद्रणाची सोय धड नसल्याने चित्र प्रसारित होत असतानाच समोर बसून संवाद म्हणायचे. एकाला ठसका लागला तर तो घरोघर ऐकू जाणार. या कामाला नाव पडलं ‘फुकिकाए’ आणि करणाऱ्यांना ‘सेइयू’. यामादा यासुओ हा त्यातलाच. १९५९मध्ये त्याने ‘रॉहाइड’मधल्या क्लिंट ईस्टवुडला आवाज दिला आणि पुढे जपानी प्रेक्षकांसाठी ईस्टवुड म्हणजे यामादाच झाला. १९७१पासून १९९५मध्ये जाईपर्यंत ‘लुपां’ या कार्टून चोराचा आवाजही तोच. कार्टूनचा कलाकार वेगळा आणि परक्या नटाचा वेगळा असं काही नव्हतंच. १९७३मध्ये या लोकांनी काम बंद ठेवलं, मोर्चा काढला, आणि मानधन जवळपास तिप्पट करून घेतलं. (हे वाचताना मुंबईतले माझे सहकारी काय म्हणतील ते मला ठाऊक आहे.)

आता गंमत बघा. ‘सुपरनॅचरल’ची खरी मालिका जपानीत आली तेव्हा पहिल्या दोन पर्वांना आवाज दिले ते नामांकितांनी: सॅमला नट नारिमिया हिरोकी, डीनला विनोदवीर इनोउए सातोशी. नाव मोठं असलं की जाहिरात सोपी जाते. आपल्याकडेही ॲनिमेशनपटाच्या पोस्टरवर सिनेमातल्या नटांचीच नावं ठळक असतात. तिसऱ्या पर्वापासून मात्र धंद्यातली माणसं बोलावली. सॅम उचिदा युया, डीन तोओची हिरोकी. तोवर भावांची आई जळून, बाप मरून, सॅम मरून उठूनही झाला होता. गोष्टीचा पाया दुसऱ्यांच्या आवाजात घातला गेला होता.

ॲनिमेशनने घेतली ती नेमकी हीच दोन पर्वं, आणि आवाज उचिदा-तोओचींचे. म्हणजे जे प्रसंग या दोघांच्या वाट्याला मूळ मालिकेत आलेच नव्हते, ते त्यांना चित्रांच्या निमित्ताने मिळाले. मला हे रूपांतराचं खरं कारण वाटतं. कंपनीच्या हिशेबातलं नसेल, पण ऐकणाऱ्याच्या कानाला पटणारं आहे. तोओची डीनला उगाच मर्दानी करत नाही. विनोद मारताना तो वाक्याच्या शेवटी जरा घाई करतो, पुढे शांतता पडेल या धास्तीने. सॅमच्या वाक्यांआधी उचिदा एक छोटा श्वास आत घेतो आणि तो सोडतच नाही. चित्रात दोघांचे चेहरे ढिम्म. मिटल्या डोळ्यांनी मला हे जास्त दिसलं, असं म्हटलं तर चित्रकारांवर अन्याय होईल. पण झालं तसंच.

इंग्रजी ट्रॅकची कथा याच्या अगदी उलट. सॅमला मूळ मालिकेतल्या जॅरेड पॅडालेकीने स्वतः सगळ्या भागांत आवाज दिला. ॲकल्सला वेळ नव्हता; तो फक्त शेवटच्या दोन भागांना आला, बाकी वीस भाग अँड्र्यू फॅरर नावाच्या दुसऱ्या कलाकाराने निभावले. शेवटचे दोन भाग कुठले? ज्यांत सॅम मरतो आणि थोरला भाऊ त्याला परत आणण्यासाठी चव्हाट्यावर आपला आत्मा गहाण टाकतो, ते. माझ्या धंद्यात याला ‘आवाज फुटणं’ म्हणतात. इतके भाग ज्याच्याशी ओळख झाली तो माणूस ऐन मरणाच्या प्रसंगी बदलतो. नवा आवाज खरा असला म्हणून काय झालं? कान सवयीवर चालतो.

जपानमध्ये या मालिकेचे संच विक्रीला आले तेव्हा मॅडहाउसचंही एक पर्व संपत होतं. मुशी प्रॉडक्शनमधून बाहेर पडलेल्या मारुयामा मासाओ, देझाकी ओसामू, रिंतारो आणि कावाजिरी योशिआकी यांनी १९७२मध्ये काढलेला हा स्टुडिओ फेब्रुवारी २०११मध्ये निप्पॉन टेलिव्हिजनच्या ताब्यात गेला. त्याच वर्षी मारुयामांनी बाहेर पडून मापा हा नवा स्टुडिओ उभा केला. त्याच सुमाराला मॅडहाउसने मार्व्हलसाठीही चार मालिका केल्या, त्याही फारशा कुणाला आठवत नाहीत. सहदिग्दर्शिका इशिझुका मात्र पुढे ‘नो गेम नो लाइफ’सारख्या मालिकेमुळे नावारूपाला आली.

कुणी बघायला घेणार असाल तर जपानी ट्रॅकच लावा. इंग्रजी ट्रॅकवर फक्त विसावा आणि एकविसावा भाग लागोपाठ ऐका, डीन पहिलं वाक्य बोलेपर्यंत.