हिंगणघाट परिसरातील शेतजमीन

वर्धा जिल्ह्यात वणा नदीच्या खोऱ्यातील कापूसपट्टा. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाट या पेठेच्या नावाने विकला जाणारा ‘बनी’ हा तलम धाग्याचा देशी कापूस देशाबाहेरही ओळखला जाई.

माती : बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी, चुनखडीयुक्त चिकणमाती. जुन्या जमाबंदीत तिचे काळी, मोरंड, खरडी व बरडी असे उतरते वर्ग आढळतात. काळी खोल, मोरंडीत चुनखडे अधिक, खरडी उथळ, बरडी माळावरची, मुरमाड. ओल धरण्याच्या गुणामुळे खोल काळीला वरचा दर्जा मिळाला. ओल धरणारी हीच माती पाणी मात्र लवकर सोडत नाही, याची दखल प्रतवारीत पुरेशी दिसत नाही. उन्हाळ्यात तिला रुंद भेगा पडतात व पहिले पाऊस त्यांतून खोल मुरतात. माती फुगून भेगा मिटल्या की पाझर जवळजवळ थांबतो आणि पुढचे पाणी वरूनच काढून द्यावे लागते.

मालकी : नागपूरचे भोसले राज्य 1854 मध्ये खालसा झाले, वर्धा जिल्हा 1862 मध्ये वेगळा झाला. हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांच्या जमाबंदीच्या काळात, 1860 च्या दशकात, सारा गोळा करणाऱ्या पाटलांना मालकीहक्क मिळून ते मालगुजार झाले. त्यांच्या खाली मौरूसी (वंशपरंपरागत हक्काची) व साधी कुळे, शिवाय मालगुजाराची स्वतःची सीर जमीन. वर्धा नदीपलीकडे वऱ्हाडात मात्र रयतवारी होती. माती साधारण एकच, पद्धती दोन. मालगुजारीमुळे जमीन सुधारण्यात पैसा कमी गुंतला, असे काही अभ्यासक मानतात. यावर एकमत नाही. तत्कालीन मध्य प्रदेशाच्या 1950 च्या कायद्याने 1951 मध्ये मालगुजारी संपली. पुढे वारसवाटण्यांनी शेते अरुंद झाली.

निचरा : निचऱ्याचा प्रश्न दोन शेतांमधल्या धुऱ्यावर येतो. वरच्या शेतातले पाणी खालच्याच्या पऱ्हाटीत साचते. नाला बुजवला किंवा पांदण उंच केली की वरचे शेत चिबडते. मुळांना हवा न मिळाल्याने कपाशी अचानक सुकते. तिला आकस्मिक मर म्हणतात. वाफसा येईपर्यंत डवरणी खोळंबते व तण माजते. रुंद सरी-वरंबा उपयोगी पडतो, पण सरीतले पाणी सोडायला जागा हवी, आणि ती बहुधा शेजाऱ्याच्या शेतात असते. पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 मधील कलम 5 अन्वये तहसीलदाराकडे दाद मागता येते.

पिके : कापूस, सोयाबीन, तूर, रब्बीत हरभरा व गहू.

सिंचन : परिसरात पोथरा व लाल नाला प्रकल्प, बरेचसे क्षेत्र कोरडवाहू.