शिवनेरीचा कडा आणि शिंदळ माकुडी

किल्ल्यांचा अभ्यास करितांना तट, बुरूज, टांकीं, शिलालेख आणि दप्तरांतील उल्लेख यांची नोंद आपण कसोशीनें घेतों. परंतु ज्या कड्यामुळें किल्ला दुर्गम ठरला, त्या कड्यावरील वनस्पतींकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. त्यांपैकीं कांहीं वनस्पति सह्याद्रीवांचून अन्यत्र कोठेंहि मूळच्या नाहींत. अशा एकीचा वृत्तान्त येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

निकोल अलेक्झांडर डाल्झेल हे मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यांतील अधिकारी. अलेक्झांडर गिब्सन यांच्यासह त्यांनीं इलाख्यांतील वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ इ. स. १८६१ मध्यें प्रसिद्ध झाला. पुढें १८६५ मध्यें त्यांनीं जुन्नरच्या बाजूस मिळालेल्या एका वनस्पतीचें वर्णन छापून तिला गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या नांवावरून ‘फ्रेरिया इंडिका’ हें नांव दिलें. आपल्याकडे तिला शिंदळ माकुडी म्हणतात.

ही रुईच्या कुळांतील, मांसल दांड्यांची वनस्पति कड्याच्या फटींत रुजून खालीं लोंबते. पावसाळ्यांत ती पानें धरते व कोरड्या ऋतूंत तीं टाकून हिरव्या दांड्यांवर निभाव धरते. पाऊस ओसरतांना तिला तांबूस-जांभळीं, पिवळ्या खुणांचीं, पांच पाकळ्यांचीं फुलें येतात.

शिवनेरी, पुरंदराचा जोडकिल्ला वज्रगड, सज्जनगड, रंधा धबधबा अशा मोजक्या जागीं तिची नोंद आहे. या यादींत किल्ले अधिक असावेत हा केवळ योगायोग नव्हे. ज्या कड्यावर शत्रूचा पाय ठरत नसे, तेथें शेळीचें तोंड, विळा आणि वणवाहि सहजीं पोंचत नाहीं. जेथें पोंचतो तेथें ती टिकत नाहीं. तिचे दांडे मनुष्यहि खातो. शिवाय थोड्या जागीं थोडींच झाडें असल्यामुळें एक दरड कोसळली तरी मोठी हानि होते. भारतीय वनस्पति सर्वेक्षण खात्यानें १९८७ पासून प्रसिद्ध केलेल्या संकटग्रस्त वनस्पतींच्या ग्रंथांत तिची गणना झाली आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, तुटलेला दांडा मातींत खोंवला तरी ही वनस्पति जगते व हौशी लोकांच्या कुंड्यांतून ती वाढतेच आहे. मग चिंता कशाची? या प्रश्नाचें उत्तर कागदपत्रें जमविणारांस नव्यानें सांगावयास नको. नकलेंत मजकूर राहतो. शिक्का, हस्ताक्षर, पाठीवरील शेरा हीं अस्सलाबरोबर जातात. एका दांड्यापासून केलेलीं शंभर रोपें हीं एकाच पत्राच्या शंभर नकला होत. निरनिराळ्या कड्यांवरील झाडांत असलेले भेद त्यांत येत नाहींत, आणि रोप कोणत्या कड्यावरचें याची नोंद नसेल तर त्याचें प्रमाणमूल्यहि उरत नाहीं. कडा हेंच येथें अस्सल होय.

हा विषय आतांच मांडण्यास कारण आहे. जुलै १९२५ नव्हे, तर जुलै २०२५ मध्यें, म्हणजे अगदीं अलीकडे, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशांत समावेश झाला. त्यांत शिवनेरी आहे. यामुळें डागडुजी, साफसफाई व प्रवाशांची वर्दळ वाढणें स्वाभाविक आहे. तटाचे सांधे उकलणारे वड-पिंपळ काढणें अवश्यच. परंतु त्याच झपाट्यांत कड्यावरील सर्व हिरवें खरवडून टाकणें म्हणजे धूळ झाडतांना पत्रच फाडणें होय. काम सुरू होण्यापूर्वीं वनस्पतिज्ञाकडून कड्याची पाहणी व्हावी, आणि किल्ल्याच्या टिपणांत या झाडांसहि स्थान मिळावें.

मात्र एक भेद संशोधकांनीं ध्यानांत ठेवावा. शिलालेखाचें नेमकें स्थळ छापणें हें आपलें कर्तव्य. दुर्मिळ वनस्पतीचें स्थळ तसें छापल्यास उपटून नेणाराला वाट दाखविल्यासारखें होतें. किल्ल्याचें नांव द्यावें, फटीची खूण दप्तरांत राखावी, एवढें सुचवून आम्ही हा लेख पुरा करितों.