सोलापूरचा मध, परळची बटाट्याची साल

आमच्या बार्शीत लेकराच्या अंगावर गरम दूध सांडलं की घरातले तीन वस्तूंकडे धावतात: टूथपेस्ट, हळद, मध. मध लावताना कुणीतरी सूरह नहलची आठवण हमखास काढतं. तिथे मधात माणसांसाठी शिफा असल्याचं सांगितलं आहे. पण याच मधाची रीतसर परीक्षा आपल्याच जिल्ह्यात झाली, हे फार कमी जणांना माहीत आहे.

सोलापूरच्या वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातले सर्जन डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त आपली चाचणी छापली. वरवर भाजलेले १०४ रुग्ण होते. ५२ जणांना मधाची पट्टी, ५२ जणांना तेव्हाचं नेहमीचं सिल्व्हर सल्फाडायझिन. पंधरा दिवसांत मधाच्या गटात ८७ टक्के जखमा भरल्या, दुसऱ्या गटात १० टक्के. मध दाट आणि आंबट गुणाचा असतो, पाणी ओढून घेतो. त्यात जंतूंना वाढता येत नाही.

तिकडे मुंबईत परळच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. केसवानी यांच्यापुढे वेगळाच प्रश्न होता. कापडी पट्टी सुकून जखमेला चिकटते. ती काढताना मूल किंचाळतं आणि नवी आलेली नाजूक त्वचाही निघून येते. त्यांनी उकडलेल्या बटाट्याची साल पट्टीवर चिकटवून, निर्जंतुक करून वापरली. जखम ओलसर राहिली, पट्टी सहज निघाली, खर्चही नगण्य. हा अहवाल १९८५चा.

१९९६ साली सुब्रह्मण्यम यांनी मध आणि साल समोरासमोर तपासली. रुग्ण १००. मधाने सरासरी दहा दिवस, सालीने सोळा.

इथवरची गोष्ट व्हॉट्सअॅपवर फिरवायला सोयीची आहे. पुढची कुणी फिरवत नाही. १९९९ साली याच डॉक्टरांनी छापलं, की मध्यम स्वरूपाच्या भाजण्यात जळालेली कातडी लवकर काढून त्वचारोपण करणं मधापेक्षा सरस ठरतं. शिवाय मधाच्या सुरुवातीच्या बऱ्याच चाचण्या एकट्या त्यांच्याच होत्या, म्हणून त्या इतरांनीही तपासून पाहणं गरजेचं होतं. आपल्याच औषधाची हार छापणारा हा माणूस मला मधाइतकाच मोलाचा वाटतो. मधाची शिफा मानणाऱ्याने तिची मर्यादा तपासली, तर ईमान कमी होत नाही.

आणि घरचा मध निर्जंतुक नसतो. भाजल्यावर आधी वीस मिनिटं साध्या पाण्याची धार, मग स्वच्छ कापड, मग दवाखाना. मध लावायचा की नाही, ते डॉक्टर ठरवतील.