मुखत्यारी आणि मोर्तब

मलकापुराहून राजूर घाटाच्या वाटेने बुलढाण्यास जाताना लागणारे मोताळा आज तालुक्याचे ठिकाण असले, तरी इंग्रजी अमदानीत ते मलकापूर तालुक्यात मोडत असे. आणि त्या अमदानीचा वऱ्हाडातील कारभारही मोठा चमत्कारिक होता, कारण 1853च्या तहाने इंग्रजांच्या हाती आलेला आणि 1902 साली कायम पट्ट्याने त्यांच्याकडे राहिलेला हा मुलूख कागदोपत्री निजामाचाच असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे येथे आपोआप चालत नसत, ते स्वतंत्र हुकमाने लागू करावे लागत. मालकी एकाची आणि कारभार दुसऱ्याचा असला, की मालकाच्या नावाने व्यवहार करणाऱ्याची हद्द कोठवर, हा प्रश्न मात्र निजाम आणि इंग्रज या दोघांहूनही जुना.

शिवकालीन पत्राच्या शिरोभागी मुद्रा आणि अखेरीस मोर्तब उमटवीत, ते केवळ शोभेसाठी नव्हे. मोर्तबाच्या खाली कोणी एखादी ओळ घुसडलीच, तर ती उपरी म्हणून तत्काळ उघडी पडे. आणि एकाखाली एक बंद चिकटवून केलेल्या लांब कागदाच्या सांध्यांवर पाठीमागून शिक्का असे, तो अशासाठी की मधला बंद कोणी बदलल्यास शिक्का दुभंगलेला दिसावा. पुढे कचेऱ्या आल्या, निरक्षर खातेदाराचा अंगठा कागदावर उमटू लागला, आणि ज्याला स्वतः हजर राहणे जमत नसे तो मुखत्यार नेमू लागला. मुखत्यारपत्रांसंबंधी 1882 साली कायदाही झाला. खास मुखत्यारपत्र नेमल्या कामापुरते, आम मुखत्यारपत्र सर्वसाधारण व्यवहारांचे. आणि अमुक शेत विकण्याची मुखत्यारी घेऊन तमुक शेत विकणारा इसम त्या कागदाच्याच आधारे पकडीत येई.

माहिती तंत्रज्ञान कायदा 17 ऑक्टोबर 2000 रोजी अमलात आला, तेव्हा त्याच्या 43व्या कलमाने हाच धागा उचलला. मालकाच्या अथवा ताबा असणाऱ्याच्या परवानगीविना संगणकात शिरणे, त्यातील मजकूर उतरवून घेणे, त्यात व्हायरस सोडणे, ही कृत्ये भरपाईस पात्र ठरली. मूळ 66व्या कलमात ‘हॅकिंग’ हा अपराध नावानिशी होता. 2008च्या दुरुस्तीने तो शब्द गाळला आणि 43व्या कलमातील कृत्य लबाडीने वा कपटाने केल्यास 3 वर्षांपर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्यासाठी 66-सी हे कलमही तेव्हाचेच. पूर्वी असा तपास उपअधीक्षकाखालील अंमलदारास करता येत नसे. तो आता निरीक्षकाकडे आला, आणि तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या फिर्यादीच्या दृष्टीने मला हा बदल शिक्षेच्या आकड्यांहून मोलाचा वाटतो.

अडचण आहे ती परवानगीचीच. सातबारा 2018 पासून डिजिटल सहीनिशी मिळू लागला, पीकविम्याचे अर्जही पडद्यावर भरले जाऊ लागले. सेवा केंद्रातील मुलगा मान वर न करता ‘काका, ओटीपी सांगा’ म्हणतो. काकांनी चष्मा घरी विसरलेला असतो, म्हणून ते खिशातला मोबाइलच त्याच्या हाती देतात. यातली बहुतेक मुले प्रामाणिक असतात, हे सांगितलेच पाहिजे. परंतु ते सहा आकडे उच्चारताना दिलेली मुखत्यारी खास की आम, हे कोणत्याही कागदावर उतरत नाही, आणि तिच्याखाली मोर्तबही नसते.

या मुखत्यारीचा गैरवापर झालाच, तर भरपाईचा निवाडा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांपुढे, म्हणजे मुंबईस, चालतो. 2013 साली पुण्याच्या एका कारखानदाराच्या प्रकरणात, फसव्या ईमेलला उत्तर दिल्यामुळे खात्यातून सुमारे 80 लाख रुपये गेले असता, त्या सचिवांनी पंजाब नॅशनल बँकेस 45 लाख देण्याचा हुकूम केला. फिर्यादीने किल्ली आपल्या हाताने दिली म्हणून उरलेला भार त्याच्यावर ठेवला, पण चोरांची खाती पुरेशी शहानिशा न करता उघडणारी बँकही त्यातून सुटली नाही. मोताळ्याच्या शेतकऱ्याचे गेलेले पैसे बहुधा काही हजारांत असतात, आणि तेवढ्यासाठी मुंबईच्या खेपा घालणे त्याला परवडत नाही.