चोरीला गेलेलं वाद्य परत मिळतं का? पहिल्या काही तासांत काय करायचं आणि कायदा काय सांगतो?

आजोबांचा तंबोरा, आईची पेटी, गुरूंनी हातात दिलेली बासरी. बाजारात अशा वाद्याची किंमत काही हजार रुपये असते, पण ते चोरीला गेलं तर तेवढ्याच पैशांत दुसरं आणून भागत नाही. म्हणूनच अशी चोरी झाली की फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'कृपया शेअर करा' अशा पोस्ट फिरू लागतात.

पण अशी वाद्यं खरंच परत मिळतात का? मिळाली तर कशामुळे? पोलिसांत तक्रार देताना काय सांगायचं? आणि दुसऱ्या कुणी पैसे मोजून ते विकत घेतलं असेल, तर वाद्य कुणाचं? समजून घेऊया.

51 वर्षांनी सापडलेलं गिटार

बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी 1961 मध्ये जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहरात हॉफनर कंपनीचं एक बेस गिटार विकत घेतलं. किंमत होती सुमारे 30 पाउंड. ऑक्टोबर 1972 मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात उभ्या असलेल्या व्हॅनमधून ते चोरीला गेलं.

2023 मध्ये हॉफनरशी संबंधित एक तज्ज्ञ आणि दोन पत्रकारांनी या गिटारसाठी जाहीर शोधमोहीम सुरू केली. 'कुणाला काही आठवत असेल तर कळवा' असं लोकांना आवाहन केलं. ईमेल येऊ लागले आणि त्यातून चोरी नेमकी कुठे, कशी झाली याचे धागे जुळत गेले. शेवटी इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावर ते गिटार सापडलं. फेब्रुवारी 2024 मध्ये ते मॅकार्टनींकडे परत आल्याचं जाहीर झालं.

हे गिटार ना तिजोरीत होतं, ना एखाद्या संग्राहकाकडे. ते माळ्यावर पडून होतं. बऱ्याच चोरीच्या वाद्यांचं असंच होतं. ओळखीचं वाद्य विकणं अवघड असल्यामुळे ते कुठेतरी दडवलं जातं.

व्हायोलिनवादक रोमन टोटेनबर्ग यांचं 1734 सालचं स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन 1980 मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिज इथे कार्यक्रमानंतर चोरीला गेलं. ज्याच्यावर संशय होता, त्या माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या घटस्फोटित पत्नीने कुलूपबंद पेटी उघडली आणि 2015 मध्ये आतलं व्हायोलिन एका जाणकाराला दाखवलं. त्याने ते ओळखलं आणि पोलिसांना कळवलं. व्हायोलिन टोटेनबर्ग यांच्या मुलींना मिळालं. स्वतः टोटेनबर्ग 2012 मध्येच, वयाच्या 101व्या वर्षी गेले होते.

प्रत्येक गोष्टीचा शेवट असा होत नाही

भारतरत्न उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या शहनाया डिसेंबर 2016 मध्ये वाराणसीत त्यांच्या मुलाच्या घरून चोरीला गेल्या. त्यात माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांनी भेट दिलेली शहनाईही होती. जानेवारी 2017 मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष कृती दलाने उस्तादांच्या नातवाला आणि सराफांना अटक केली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार शहनाया अवघ्या 17 हजार रुपयांत विकल्या गेल्या होत्या. पोलीस पोहोचले तोवर चांदीच्या शहनाया वितळवून झाल्या होत्या. हाती लागली ती लाकडी शहनाई आणि वितळलेली चांदी.

म्हणजे धोका कुठे आहे हे वाद्य कशाचं आहे यावर ठरतं. लाकडी वाद्य माळ्यावर पन्नास वर्षं टिकू शकतं. चांदीची शहनाई, तांब्या-पितळेचा डग्गा, टाळ, झांजा, तुतारी किंवा ट्रम्पेट मात्र एका दिवसात भट्टीत जाऊ शकतं. धातूचं वाद्य गेलं असेल, तर आधी जवळच्या सराफांना, मोडीची भांडी घेणाऱ्यांना आणि भंगारवाल्यांना फोटो दाखवा.

तक्रार कुठे आणि कशी द्यायची?

पोलिसांच्या वेबसाइटवर वस्तू हरवल्याची नोंद करण्याची सोय असते. पण 'हरवलं' आणि 'चोरीला गेलं' यात फरक आहे. हरवल्याच्या नोंदीवरून गुन्हा दाखल होत नाही आणि तपासही सुरू होत नाही. चोरी झाली असेल तर एफआयआर हवा.

1 जुलै 2024 पासून देशात भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहेत. त्यातल्या कामाच्या गोष्टी अशा:

- चोरी दुसऱ्या हद्दीत झाली असली तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. याला झिरो एफआयआर म्हणतात. गुन्हा नंतर संबंधित ठाण्याकडे वर्ग होतो.
- तक्रार ऑनलाइन पाठवता येते, पण तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते.
- एफआयआरची प्रत मोफत मिळते. ती मागून घ्या.
- ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करता येतो. तिथेही दाद मिळाली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.
- तपास कुठवर आला, हे पोलिसांनी तक्रारदाराला 90 दिवसांच्या आत कळवायचं असतं.

रेल्वे प्रवासात वाद्य गेलं असेल, तर टीटीईला किंवा गाडीतल्या पोलिसांना लगेच सांगा आणि 139 वर फोन करा. गुन्ह्याचा तपास लोहमार्ग पोलीस करतात.

साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत, तर घरातून किंवा वाहनातून झालेल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. वाद्य घरातून गेलं की गाडीतून की कार्यक्रमाच्या जागेवरून, हे तक्रारीत स्पष्ट लिहा.

किंमत लिहिताना घाई करू नका. 'जुनी पेटी, दोन हजार' असं लिहून मोकळं होऊ नका. 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, आरोपीचा पहिलाच गुन्हा आणि माल परत केलेला असेल, तर शिक्षा समाजसेवेवर भागते. तशाच प्रतीचं वाद्य आज घ्यायचं तर किती लागतील, हे वाद्य बनवणाऱ्याकडून लिहून आणा. भावनिक किमतीसाठी एफआयआरमध्ये रकाना नसतो.

'हे माझंच आहे' हे सिद्ध कसं करायचं?

वाद्य सापडणं आणि ते तुमचं आहे हे पटवून देणं, ही दोन वेगळी कामं आहेत. घराण्यात चालत आलेल्या वाद्याची पावती सहसा नसते. मग पुरावा काय?

कॅनडाचे संगीतकार रँडी बॅकमन यांचं 1957 सालचं नारिंगी ग्रेच गिटार 1976 मध्ये टोरोंटोतल्या हॉटेलमधून चोरीला गेलं होतं. 2020 मध्ये एका चाहत्याने जुन्या चित्रफितीत दिसणाऱ्या त्या गिटारच्या लाकडातल्या रेषा इंटरनेटवरच्या फोटोंशी ताडून पाहिल्या. गिटार सापडलं थेट जपानमधल्या एका संगीतकाराकडे. त्याने ते दुकानातून विकत घेतलं होतं. बॅकमन यांनी त्याच जातीचं दुसरं गिटार शोधून त्याला दिलं आणि 1 जुलै 2022 रोजी टोकियोत अदलाबदल झाली.

लाकडाच्या रेषा माणसाच्या बोटांच्या ठशांसारख्या असतात. त्या बदलता येत नाहीत. आपल्याकडच्या वाद्यांनाही हे लागू होतं. खुणा टिपताना सहज बदलता येणारे भाग सोडून द्या:

- तबला-डग्गा: पुडी, वादी आणि गठ्ठे बदलले जातात. त्यामुळे शाईचं वर्णन उपयोगाचं नाही. लाकडी खोडाच्या रेषा, तडे, तळाचा भाग आणि डग्ग्याच्या भांड्याला पडलेले पोचे टिपा.
- तंबोरा-सतार: तारा, खुंट्या आणि घोडी बदलतात. भोपळ्याचा आकार आणि डाग, तबलीच्या लाकडाची रेषा, नक्षीतला निखळलेला तुकडा, जुनी डागडुजी आणि बनवणाऱ्याची पट्टी टिपा.
- पेटी: बाहेरचा रंग बदलता येतो. म्हणून पेटी उघडून आतले फोटो घ्या. रीडवरचे शिक्के, पट्ट्यांखाली पेन्सिलने लिहिलेले आकडे आणि भात्याला लावलेली ठिगळं ही ओळख ठरते.
- गिटार-व्हायोलिन: सीरियल नंबर, आतलं लेबल आणि लाकडाची रेषा.

फोटो नसतील तर जुन्या कार्यक्रमांचे व्हिडिओ, लग्नातले अल्बम आणि सोशल मीडियावरच्या तारीख असलेल्या पोस्ट धुंडाळा. दुसरा मोठा साक्षीदार म्हणजे तुमचा दुरुस्ती करणारा. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिरांच्या पिढ्या या कामात गेल्या आहेत. आपल्या हातून गेलेलं वाद्य असा कारागीर ओळखू शकतो. शिवाय चोरीचं वाद्य जवारी काढायला किंवा दुरुस्तीला अशाच एखाद्या दुकानात येण्याची शक्यता असते. तिथे आधीच फोटो पोहोचलेले बरे.

पोस्ट टाकताना काय लिहायचं, काय लपवायचं?

पोस्टमध्ये स्पष्ट फोटो, चोरीची जागा, तारीख, एफआयआर क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव द्या. पण एक खूण मुद्दाम सांगू नका. उदाहरणार्थ, भोपळ्याच्या आतला डाग किंवा पेटीच्या आत लिहिलेलं नाव. 'वाद्य माझ्याकडे आहे' असा फोन आला, तर त्याच खुणेचा फोटो मागा. खोटं बोलून पैसे उकळणारे तिथेच उघडे पडतात.

'हे वाद्य माझा जीव आहे, कितीही पैसे देईन' असं लिहायचा मोह होतो, पण त्यामुळे खंडणी मागणाऱ्याला आयतं निमंत्रण मिळतं. शोधून देणाऱ्याला आगाऊ पैसे पाठवू नका. चोराला पकडून देण्याचा प्रयत्न न करता, माल परत मिळवून देण्यासाठी पैसे घेणं हा मध्यस्थासाठीही गुन्हा ठरू शकतो.

जुन्या वस्तूंच्या विक्रीच्या अॅपवर तुमचं वाद्य दिसलं, तर आधी जाहिरातीचा स्क्रीनशॉट, लिंक आणि विक्रेत्याचं प्रोफाइल जतन करा. 'चोर सापडला' अशी कमेंट करू नका, कारण जाहिरात क्षणात गायब होईल. एकट्याने भेटायला जाऊ नका. तपास अधिकाऱ्याला कळवा.

कुणी विकत घेतलं असेल तर?

वस्तू विक्री कायदा, 1930 नुसार विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे, त्यापेक्षा जास्त हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. चोराकडे मालकी नसते, म्हणून त्याच्याकडून घेणाऱ्यालाही ती सर्वसाधारणपणे मिळत नाही. माल चोरीचा आहे हे ठाऊक असून तो घेतला, तर घेणाराही गुन्हेगार ठरतो.

पण प्रामाणिकपणे विकत घेतलेल्या माणसाशी पहिल्याच फोनवर भांडण कशाला? त्याने दुकानाचं किंवा विक्रेत्याचं नाव सांगितलं, तर चोरापर्यंतचा रस्ता तिथूनच उघडतो.

सापडलं, पण ठाण्यातच अडकलं

पोलिसांनी जप्त केलेलं वाद्य 'मुद्देमाल' होतं. ते खटला संपेपर्यंत तिथेच राहील असं अनेकांना वाटतं आणि ते पाठपुरावा सोडून देतात. असं करू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 आणि 503 खाली दंडाधिकाऱ्यांकडे ताब्यासाठी अर्ज करता येतो. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या 2002 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की जप्त वस्तू ठाण्यात विनाकारण पडून राहू नयेत. पंचनामा आणि फोटो करून, बंधपत्र घेऊन त्या हक्कदाराला द्याव्यात.

दमट खोलीत लाकूड फुगतं, भाता कुजतो, ताणलेल्या तारांनी तबली दबते. हे अर्जात लिहा. वाद्य मिळालं तरी खटला संपेपर्यंत न्यायालयाला विचारल्याशिवाय ते विकू नका किंवा मोठी दुरुस्ती करू नका.

विम्याचे पैसे घेण्याआधी

व्हायोलिनवादक मिन-जिन किम यांचं 1696 सालचं स्ट्रॅडिव्हेरियस नोव्हेंबर 2010 मध्ये लंडनच्या यूस्टन स्टेशनवर चोरीला गेलं. दहा लाख पाउंडांहून जास्त किमतीचं ते व्हायोलिन चोरांनी 100 पाउंडांत विकायचा प्रयत्न केला होता. 2013 मध्ये ते सापडलं. पण तोवर किम यांनी विम्याची रक्कम घेऊन दुसरं व्हायोलिन विकत घेतलं होतं. जुन्याची मालकी विमा कंपनीकडे गेली होती. ते परत घेण्याइतके पैसे त्यांच्याकडे नव्हते. डिसेंबर 2013 मध्ये लिलावात ते 13.8 लाख पाउंडांना विकलं गेलं.

टोटेनबर्ग कुटुंबाने मात्र विम्याची रक्कम परत करून व्हायोलिनवरचा हक्क मिळवला. म्हणून दाव्यावर सही करण्याआधी एक प्रश्न विचाराच: वाद्य नंतर सापडलं, तर रक्कम परत करून ते घ्यायचा पहिला हक्क मला आहे का? उत्तर लेखी घ्या.

चोरी होण्याआधी, आजच

वाद्य घरात सुखरूप असेल तर दहा मिनिटं काढा. चारही बाजूंनी, आतून आणि प्रत्येक ओरखड्याचा जवळून फोटो घ्या. वाद्य हातात घेऊन एक फोटो काढून ठेवा. ते कुणी, कुठे, केव्हा बनवलं हे घरातल्या मोठ्यांना विचारून लिहून ठेवा. आणि सगळं स्वतःलाच ईमेल करा, म्हणजे फोन हरवला तरी पुरावा तारखेसह राहील.