मालिद्याची वही आणि कौन्सिलचा फॉर्म

१९७२ च्या कायद्यातील कलम १३७ मुळे इंग्लंडमधील कौन्सिलांना पौंडामागे २ पेन्स घरपट्टीइतकी रक्कम लोकहितासाठी खर्चता येई. १९८१ नंतर ग्रेटर लंडन कौन्सिलने अल्पसंख्याकांच्या कितीतरी मंडळांना अनुदाने दिली; ३१ मार्च १९८६ ला ती कौन्सिलच बरखास्त झाली. मग आम्ही बेने इस्राएल आमच्या बरोच्या कौन्सिलकडे गेलो. फॉर्मवर काय लिहावे, एशियन की ज्यू? एशियनवाले म्हणत ज्यूंकडे जा, ज्यूवाले म्हणत एशियनांकडे! शिवाय मंडळाची घटना, तपासलेले हिशेब, दोन सह्यांचे खाते हवे. आमचा सगळा हिशेब मालिद्याच्या वर्गणीच्या वहीत. हॉलचे भाडे शेवटी त्याच वर्गणीतून भरले.